बिनबल्बाचा सिनेमा

लवूमामाचा स्वतःचा आवाज नेमका कसा आहे, हे घाटकोपरच्या भटवाडीत कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही. सकाळी जिन्यात तो सोसायटीच्या सेक्रेटरीच्या आवाजात लिफ्टला नोटीस देतो. "वारंवार सूचना देऊनही आपण दुसऱ्या मजल्यावर विनाकारण थांबत असल्याचे निदर्शनास आले आहे." नाक्यावर भाजीवाल्याला भाजीवाल्याच्याच सुरात भाव सांगतो आणि तो बिचारा सवयीने "थोडा कम करो ना" म्हणून बसतो. घरी आल्यावर बायको, म्हणजे चेतनामामी, तोंड उघडायच्या आधी तिचंच वाक्य तिच्याच आवाजात म्हणून टाकतो. "कोथिंबीर आणलीत? नाही ना? मला माहीतच होतं." चेतनामामी म्हणते, एक बरं आहे, माझे कष्ट वाचतात.

लवू सहदेव परब. साठी ओलांडलेला, टेलिफोन खात्यातून निवृत्त. लोकांनी फोन करून नंबर विचारायचा आणि याने सांगायचा, ही नोकरी. दिवसभर कानाला अख्खी मुंबई लावून बसलेला माणूस. माटुंग्याच्या मामी नंबर विचारताना आधी देवाचं नाव घ्यायच्या, मुलुंडचे शेठ "हलो, हलो, कोण बोलते" असं आपणच फोन करून आपणच विचारायचे, वांद्र्याच्या आंटी नंबर मिळाल्यावर "गॉड ब्लेस यू, माय बॉय" म्हणून फोन ठेवायच्या आणि पाच मिनिटांनी तोच नंबर पुन्हा विचारायच्या. रात्रीच्या जेवणाला ही सगळी मंडळी परबांच्या घरी हजर असायची. ताटं फक्त दोन.

पण ही झाली किरकोळ कामं. भटवाडीत लवूमामाचं नाव आहे ते सिनेमासाठी.

सिनेमा असा. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाली, की परबांच्या हॉलमध्ये एक पांढरी चादर बांधतात. आजूबाजूची पोरंसोरं, मुलुंडहून आलेली बहीण, शेजारपाजार, सगळे समोर दाटीवाटीने बसतात. दिवे बंद होतात. चादरीवर काहीही दिसत नाही. शेजारी लवूमामा उभा राहतो, तोंडाने मशीनचा टिर्रटिर्रटिर्र असा आवाज काढतो, आणि चादरीवर काय चाललंय ते सांगायला लागतो.

"ही बघा आमची चाळ. हा नळ. नळावर ही आई, रुक्मिणीबाय. कोंबडीच्या मागे धावतेय. गो बाय, पदर सांभाळ. हे आमचे बोटमामा, बोटीवर नोकरी, जपानचा कॅमेरा गळ्यात, उलटे उलटे चालतायत, मागे गटार आहे, अरे मामा, मागे, मागे, गेले." पोरं खिदळतात. मग बकरी येते. बकरी बोटमामांची टोपी खाते. आणि सगळ्यात शेवटी येतात बाबा. सहदेव परब, गिरणी कामगार, डोक्यावर पाण्याने भरलेली कळशी घेऊन दशावतारातल्या राणीसारखे लचकत मुरडत नाचतात. आई बघते, लाजते. आणि बाबा मांडीवर थाप मारून हसतात. ख्यॅऽ ख्यॅ ख्यॅ. हे हसणं लवूमामा असं काही काढतो, की वरच्या मजल्यावरचे लोकही हसतात.

लवूमामाची बहीण सुगंधा, मुलुंडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, अशी तिची ख्याती. पण या सिनेमाला ती पुढच्या रांगेत मांडी घालून बसते, आणि हसणं चुकून राहिलं तर अंधारातून आवाज येतो, "दादा, हसणं."

कारण सुगंधाने बाबांना पाहिलेलंच नाही. म्हणजे पाहिलं, पण ती तेव्हा आईच्या कडेवर होती. बाबांचा घरात एक फोटो आहे, गिरणीच्या पासावरून मोठा केलेला, त्यात ते कुणीतरी मागून सुई टोचल्यासारखे बघतायत. बाकी सुगंधाकडे बाबा म्हणून जे काही आहे, ते हे हसणं. तिची मुलगी श्रुतिका, तिच्या फोनवर तर आजोबांचं हसणं, अर्थात मामाने काढलेलं, रिंगटोन म्हणून लावलेलं आहे. मीटिंगमध्ये वाजलं की धावत बाहेर जाते.

आता हा सिनेमा बिनबल्बाचा का, तर त्याला कारण आहे.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. आईचा भाऊ मालवाहू बोटीवर होता, म्हणून तो बोटमामा. त्याने जपानहून आठ एमएमचा कॅमेरा आणला आणि भटवाडीत येऊन अंगणात सगळ्यांचं शूटिंग केलं. रोल परत बोटीवर गेला, तिकडेच कुठेतरी धुऊन निघाला, आणि पुढच्या गणपतीला रोल आणि प्रोजेक्टर दोन्ही घेऊन मामा हजर झाला. मधल्या काळात बाबा तापाने गेले होते. चाळभर निरोप गेला, सहदेव सिनेमात दिसणार आहे. आईने चादर धुऊन, नीळ घालून बांधली आणि स्वतः लांब, दारापाशी बसली. मामाने "शांत बसा रे" म्हणत बटण दाबलं.

मशीन होतं जपानचं, शंभर व्होल्टचं. वीज होती भटवाडीची, दोनशे तीसची. बोटीवर अर्धं जग फिरलेल्या माणसाला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

चादरीवर एकदम देवदर्शन झाल्यासारखा लख्ख उजेड पडला. मग फट्. मग काळोख आणि जळकट वास. कुणालाही काहीही दिसलं नाही. शेजारचे एक काका मरेपर्यंत सांगायचे, की त्यांना नारळाचं झाड दिसलं होतं, पण ते काका तसेही होते. मामा प्रोजेक्टरला मालवणीत शिव्या घालत होता, पोरं रडत होती, आणि दारापाशी आई चादरीकडे बघत तशीच बसून होती. तेव्हा एरवी रेशनच्या दुकानातल्या शेठची नक्कल करून मार खाणारा आठ-नऊ वर्षांचा लवू उठला, चादरीजवळ गेला आणि म्हणाला, "त्यात काय एवढं. मी होतंय ना थंय. मी सांगतंय."

आणि त्याने सांगितलं. आधी जे झालं होतं तेच सांगायला लागला. पण त्यात कुणी हसेना. म्हणून आई कोंबडीमागे धावली. कोंबडीला लोक हसले, म्हणून गटार आलं. आणि आई अजून हसली नव्हती, म्हणून बाबा नाचले. तेव्हा आई हसली. पदर तोंडात धरून हसली.

पुढच्या वर्षी चाळीतली पोरं स्वतःहून चादर घेऊन आली. झालं, प्रथा पडली. चाळ गेली, टॉवर आला, आई गेली, प्रथा चालू. बकरी ऐंशीच्या दशकात दाखल झाली. जळका प्रोजेक्टर आणि रोल मामा तोंड लपवत बोरिवलीला आपल्या घरी घेऊन गेला, आणि बोटीवरच्या माणसाने बल्ब आणतो म्हटल्यावर जे होतं ते झालं. म्हणजे काही झालं नाही.

यंदा, गणपती महिन्यावर आलेले असताना, लवूमामाचा फोन वाजला. श्रुतिका.

"मामा, बसलायस का?"

"उभा राहून ऐकलं तर जास्त पैसे पडतात का?"

"बोटमामांच्या बोरिवलीच्या घरी आलोय मी आणि आई. बिल्डिंग पाडतायत ना, माळा रिकामा करतोय. अरे, तो देवाचा डबा आहे ना?"

देवाचा डबा सगळ्या खानदानाला माहीत होता. बोटमामांच्या माळ्यावर एक चौकोनी पत्र्याचा डबा होता आणि मामी दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहून, झेंडूचं फूल ठेवून परत वर सारायच्या. कुलदैवताचं काहीतरी असेल, म्हणून कुणी कधी हात लावला नाही. मामींना विचारायचीही कुणाची टाप नव्हती. डब्याला आंबूस वास यायचा तो आतल्या नारळाचा, अशी सर्वांची समजूत. बोटमामा तर कधीच गेले होते, मामी गेल्या चैत्रात गेल्या.

"त्यात देव नाहीये," श्रुतिका म्हणाली. "त्यात रोल आहे. मामी बोटमामांची हत्यारं म्हणून त्याची पूजा करायच्या. मामा, तुझा सिनेमा सापडला."

लवूमामा त्या दिवशी जे बोलला ते बहुधा त्याच्या स्वतःच्या आवाजात होतं, कारण श्रुतिकाला तो ओळखू आला नाही. "खराब झाला असेल गं," तो म्हणाला. "टाकून दे."

"टाकून काय दे? माझ्या मैत्रिणीचा भाऊ अंधेरीला हेच काम करतो. जुन्या फिल्म साफ करून कॉम्प्युटरवर घेतो. गणपतीत सगळ्यांना खराखुरा दाखवू. आई रडतेय इथे, थांब, तिला देते."

"दादा," सुगंधा म्हणाली. मग नाक ओढून, भूगोलाच्या बाईंच्या आवाजात म्हणाली, "बाबा हसताना दिसतील रे."

फोन ठेवल्यावर लवूमामा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. चेतनामामीने आतून बघितलं आणि गॅस बारीक करून बाहेर आली.

"काय झालं तोंड पाडायला?"

"रोल सापडला."

"मग?"

"त्यात बकरी नाहीये."

"बकरी नाहीये ते मला लग्नानंतरच्या तिसऱ्या गणपतीत कळलं. दर वर्षी वेगळ्या रंगाची असते. एवढ्या बकऱ्या भटवाडीत असत्या तर पालिकेने बंदी आणली असती."

"कोंबडी आहे. पण आई मागे धावत नाही."

"बरं."

"नाचसुद्धा नाहीये गं."

खाली एक रिक्षा उगाच हॉर्न वाजवत होती. "आणि हसणं?" तिने विचारलं.

लवूमामाने रिक्षाची नक्कलसुद्धा केली नाही, तेव्हाच चेतनामामीला उत्तर कळलं.

"सुगंधाचं कसं होणार?" एवढंच ती म्हणाली आणि आत जाऊन गॅस मोठा केला.

डबा अंधेरीला न्यायचं काम लवूमामाने स्वतःकडे मागून घेतलं. "तुम्ही नोकरीवाल्या बायका, मी रिकामा." सुगंधाला केवढं कौतुक वाटलं. मनात काय होतं ते लवूमामालाच ठाऊक, आणि मनात असं होतं, की वस्तू हरवतात. जगात रोज किती वस्तू हरवतात.

घाटकोपरला मेट्रोत बसला. डबा पिशवीत, पिशवी सीटखाली. डबा असा काही दरवळत होता, की शेजारचे गृहस्थ दोनदा आपल्याच बुटांकडे बघून मग उठून दाराशी गेले. साकीनाक्याला घोषणा झाली आणि लवूमामा सवयीने तिच्याबरोबर पुटपुटला, त्याच गोड, सर्दी झालेल्या बाईंच्या सुरात, "कृपया आपल्या सामानाची काळजी घ्यावी." समोरची कॉलेजातली मुलगी कानातलं काढून बघायला लागली. अंधेरी आली. लवूमामा उठला. पिशवी उठली नाही. दारातून बाहेर पाऊल टाकलं, चार पावलं चालला, आणि मागून हाक.

"काका. ओ आवाजवाले काका. तुमचं लोणचं राहिलं."

तीच मुलगी. पिशवी हात लांब करून, नाक दुसरीकडे करून धावत आली होती. तिची मेट्रो चुकली, दार बंद झालं होतं. लवूमामाने थँक्यू म्हटलं. चेहरा असा, की पोरीला वाटलं, लोणच्याचं दुःख आहे.

अंधेरीच्या त्या दुकानात केयूर नावाचा तिशीतला मुलगा बसला होता. हातात पांढरे मोजे, भिंतीला लागून मशीन, आणि बोलणं अंधेरी, घाटकोपर आणि भावनगर यांच्या मध्ये कुठेतरी. त्याने डबा उघडला, एकदा हुंगला आणि डॉक्टरसारखी मान हलवली.

"अंकल, हा पेशंट सिरियस आहे. फिल्म सडते ना, तवा असा विनेगरचा वास मारते." रोलचं टोक बोटाने उचललं. "हे पिवळं काय आहे? केमिकल मारलं का कोणी?"

"हळद."

"फिल्मला हळद?"

"दसऱ्याला. हे लाल आहे ते कुंकू."

केयूरने मोज्याला लागलेली हळद बघितली. "आमच्यात चोपड्याला लावतात," तो समजूतदारपणे म्हणाला. "पण तो हिसाबाचा असतो, तेला काय नाय होत."

त्याने वरचे डागाळलेले वेढे मऊ कापडाने हळूहळू पुसले, मग फिल्मची एक पट्टी खाली उजेड असलेल्या काचेवर आडवी ठेवून भिंगातून बघायला लागला. मग पट्टी सरकवली. मग अजून सरकवली. मग मान वर केली.

"अंकल, एक विचारू? ह्या पुऱ्या रोलमध्ये एकच फोटो आहे का?"

लवूमामा पिशवीची घडी घालायला लागला. "का रे?"

"नाय, म्हणजे लोक उभे आहेत. पुढे पण उभे आहेत. अजून पुढे गेलो, तरी उभेच आहेत. कोंबडी फक्त हलते. तुम्ही बघा."

लवूमामा वाकला आणि भिंगाला डोळा लावला.

नखाएवढ्या चौकटीत बाबा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, हात पँटच्या शिवणीला चिकटवलेले. लवूमामाने ठरवलं होतं, की बघून म्हणायचं, छे, काही उरलेलं नाही, असू दे. तो ते म्हणालाच नाही. तो गळाला लागलेल्या माशासारखा त्या भिंगाला चिकटून राहिला. बाबा त्याच्या डोक्यात सगळ्या वर्षांत मोठे होत गेले होते, खांदे रुंद, मिश्या जाड. आणि इथे हा किडकिडीत पोरगा उभा होता. श्रुतिकापेक्षा जेमतेम चार वर्षांनी मोठा असेल.

"अंकल?" केयूर म्हणाला. "ऐका. फिल्म आकसलीय. मशीनमधून एकदाच जाईल, ते पण नशीब असेल तर. तुटली, तर तिथून पुढचं संपलं. आणि नाय केलं तर वर्षा-दोन वर्षांत सगळा चिकट गोळा होणार. तुम्ही बोला. करू का राहू दे?"

बघा, देवाने स्वतः दार उघडून दिलं होतं. राहू दे म्हटलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं. केयूरनेच सुगंधाला फोन करून सांगितलं असतं, आंटी, पेशंट गेला.

"कर," लवूमामा भिंगातून डोळा न काढता म्हणाला. "हळू कर."

गणपतीचा दुसरा दिवस. संध्याकाळची आरती लवूमामाने एवढी लांबवली, की श्रुतिका शेवटी म्हणाली, "मामा, देव पण कंटाळले." हॉल भरलेला. चादर तीच, आईची. श्रुतिकाने ऑफिसमधून छोटा प्रोजेक्टर आणला होता. तिने वायर हातात घेतल्याबरोबर पहिल्या रांगेतून सुगंधा म्हणाली, "व्होल्टेज बघितलंस?"

"आई, भारतातलाच आहे."

"तरी बघ."

दिवे गेले. कुठल्यातरी पोराने सवयीने तोंडाने टिर्रटिर्र सुरू केलं. लवूमामाही सवयीने चादरीशेजारी जाऊन उभा राहिला, मग लक्षात आलं की आज तिथे आपलं काही काम नाही, आणि तो भिंतीला टेकून हात कुठे ठेवावेत ते बघत राहिला.

चादरीवर हळदीचे पिवळे ठिपके नाचले. मग एकदम रंग आले. लाल कौलं, निळं आकाश, पितळेचा नळ. सगळे "हां" म्हणाले. आणि अंगणात एका ओळीत, उंचीप्रमाणे, परब मंडळी. आई, कडेवर टोपडं घातलेली सुगंधा, बाबा, आणि पुढे अर्ध्या चड्डीत नाक वाहणारा लवू.

मंडळी उभी होती. उभीच होती. उभीच राहिली.

"हँग झालं का?" मागून एक पोरगं म्हणालं.

तेवढ्यात एक कोंबडी डावीकडून उजवीकडे गेली. आईच्या पायांवरून गेली. आई हलली नाही. झाडाच्या झावळ्या हलत होत्या, वाळत घातलेलं धोतर हलत होतं, माणसं नाही. कॅमेरा अस्वस्थ होऊन जवळ आला, मागे गेला, आईच्या नाकापाशी आला. मध्येच बोटमामाचा हात फ्रेममध्ये येऊन जोरजोरात ओवाळल्यासारखा हलायला लागला. मंडळी आणखी ताठ झाली.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग धरण फुटलं.

"मामा, हे असे का उभे आहेत?" श्रुतिकाने हसता हसता विचारलं.

आता लवूमामाला बोलणं भाग होतं. "बाबांचा जन्मात एकदाच फोटो काढला होता, गिरणीच्या पासासाठी. तेव्हा ते हलले, फोटो बिघडला, आणि त्यांना पुन्हा अर्धा दिवस रांगेत उभं राहावं लागलं. म्हणून त्यांनी आम्हाला आधीच दम भरलेला. कोणी हालूक नको, हललास तर वायट येता. मामा बोंबलतोय, हाला रे मेल्यांनो, सिनेमो आसा ह्यो, फोटो न्हय. आणि बाबा म्हणतायत, तेच्याकडे लक्ष देव नको, तो सगळ्यांची मस्करी करता."

पोरं लोळायला लागली. "मामा, बकरी कधी येणार?"

"बकरी कॅमेऱ्याच्या मागे होती."

"आणि गटार?"

"ते पण मागेच. तू पुढे बघ."

पण लवूमामा पुढे बघत नव्हता. तो सुगंधाकडे बघत होता. सुगंधा हसत नव्हती. तिचे डोळे चादरीवर एकाच जागी होते. त्या किडकिडीत, घाबरलेल्या, पापणीही न लववणाऱ्या माणसावर. कळशी नाही, नाच नाही, थाप नाही. पापणी न लववून त्याच्या एका डोळ्यातून पाणी गळायला लागलं होतं आणि तो ते पुसतही नव्हता, कारण पुसलं तर फोटो बिघडला असता.

मग, रोल संपत आला असावा, बाबांचे ओठ हलले. फक्त ओठ, तेही एका कोपऱ्यातून. पुढच्या अर्ध्या चड्डीतल्या पोराने कान वर केला.

"दादा," सुगंधा म्हणाली. "ते काय म्हणाले?"

श्रुतिकाने चित्र थांबवलं.

लवूमामाने घसा खाकरला. रेशनच्या दुकानातला शेठ, सेक्रेटरी, मेट्रोच्या बाई, सगळे त्याच्या गळ्यात दाटीने बसले होते, त्यांना बाजूला करत तो खाली खाली गेला. मग एक आवाज आला. बारीक, घोगरा, कापसाच्या कणांनी खरवडलेला, जेमतेम ऐकू येणारा. भटवाडीत तो इतक्या वर्षांत कुणी ऐकला नव्हता. लवूमामानेही बाबा गेल्यापासून काढला नव्हता.

"लवग्या. इचार तेका, संपला काय? माझी दुसरी पाळी आसा."

सुगंधाने तो आवाज नीट ऐकून घेतला. मग श्रुतिकाला खूण केली.

चित्र पुन्हा सुरू झालं. पोरगा मामाकडे वळला, आणि विचारायचं सोडून त्याने मान ताठ केली, हात शिवणीला चिकटवले, ओठाचा एकच कोपरा हलवला. हुबेहूब बाबा. आईच्या कडेवरचं टोपडं थरथरलं, म्हणजे आई थरथरली असणार. आणि बाबांनी खाली त्या पोराकडे बघितलं. गाल फुगले. ओठ गच्च मिटले. खांदे एकदा वर आले, आणि

चादर पांढरी झाली. रोल संपला होता.

"अरे यार," मागचं पोरगं म्हणालं.

कुणी दिवे लावले नाहीत. पांढऱ्या उजेडात सुगंधा भावाकडे वळली. "दादा, पुढचं कर."

लवूमामाने तोंड उघडलं. ख्यॅऽ तयार होतं, हात मांडीपर्यंत गेलाही होता. पण आत्ताच पाहिलेल्या त्या चेहऱ्यावर ते बसेना. त्या चेहऱ्याला एवढं मोठं तोंड उघडताच आलं नसतं. त्याने हात मागे घेतला, गाल फुगवले, ओठ मिटले, आणि नाकातून हसला. ह्फ्. ह्फ् ह्फ्. चोरून हसतात तसं, अजून फोटो चालू आहे की काय अशा भीतीने.

"असं असेल?" त्याने विचारलं.

सुगंधाने गाल फुगवले. मग तिने स्वतःच करून बघितलं. ह्फ्. ह्फ् ह्फ्. शेजारी श्रुतिकाने केलं. मग पोरांनी.

"असंच असणार," सुगंधा डोळे पुसत म्हणाली. "ते मांडीवर थापवालं मला नेहमी आपल्या रेशनच्या शेठसारखं वाटायचं."

रोल आता चेतनामामीच्या फ्रीजमध्ये आहे, केयूरने दिलेल्या डब्यात, इडलीच्या पिठाशेजारी. थंडीत ठेवला तर कदाचित टिकेल असं तो म्हणालाय. दसऱ्याला पूजा करायची ती फ्रीजची, असा सुगंधाचा हुकूम आहे. आणि पुढच्या गणपतीला आधी बल्बचा सिनेमा आणि मग बिनबल्बाचा, असं ठरलंय. बकरीवरून पोरांनी संप करायची धमकी दिली होती.